दोरी आहे हे ठाऊक असूनही: व्हीआरमधले हॉरर गेम इतके का घाबरवतात?

डोळ्यांवर हेडसेट चढवलेला एक प्रौढ माणूस रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा आहे. समोर काहीही नाही, तरी तो गुडघ्यांत वाकतो, तोंडावर हात दाबून धरतो, हळूच मान वळवून मागे पाहतो आणि किंचाळत भिंतीवर जाऊन आदळतो. अशा चित्रफिती फोनवर फिरत असतात आणि पाहणाऱ्याला हसू येते. त्या हसण्यात एक रास्त प्रश्नही दडलेला असतो: आपण आपल्याच खोलीत उभे आहोत, हे या माणसाला ठाऊक नाही का?

ठाऊक असते. किंचाळत असतानाही ठाऊक असते, आणि खरा गुंता तिथेच आहे. वेदान्तात दोरी आणि सापाचा दृष्टान्त येतो. अंधारात पडलेली दोरी साप वाटते, दिवा आणला की दोरी दिसते आणि साप नाहीसा होतो. ज्ञान झाले की भ्रम मावळतो, असे त्याचे तात्पर्य. आभासी वास्तवात, म्हणजे ज्याला सगळे व्हीआर म्हणतात त्यात, हा दृष्टान्त उलटा होतो. इथे दिवा आधीपासूनच लावलेला असतो, दोरी आपण स्वतः आणून स्वतःच्या डोळ्यांवर बांधलेली असते, तरीही साप वळवळत राहतो. तो का वळवळतो हे समजण्यासाठी आधी हे गेम कोणत्या जातकुळीचे आहेत ते पाहावे लागेल.

गोळ्या मोजण्याचे भय

‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव रूढ केले ते कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९६ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या गेमने. भयाच्या प्रसंगातून जीव वाचवून बाहेर पडणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधीही भयकथांवर आधारलेले गेम होतेच, पण या गेमने एक गोष्ट पक्की केली: भीती राक्षसापेक्षा टंचाईतून अधिक येते. बंदुकीत गोळ्या मोजक्या असतात. सामान ठेवायला एका पात्राला सहा खण मिळतात, दुसऱ्याला आठ. खेळ जिथवर आला तिथे जतन करायचा तर टाइपरायटर शोधावा लागतो आणि त्याला लागणारी शाईची फीतही मर्यादितच मिळते. महिनाअखेरीस पाकिटातली उरलेली नोट मोडताना हात जसा आखडतो, तसा इथे प्रत्येक गोळीपाशी आखडतो. नेहमीच्या मारधाडीच्या गेममध्ये खेळाडू शिकारी असतो. इथे तो हिशेब करत पळणारे सावज असतो.

त्या पहिल्या गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात स्थिर असे. वळणापलीकडे फरपटत चाललेल्या पावलांचा आवाज येई, पण कॅमेरा तिकडे वळत नसे. काय दाखवायचे आणि काय लपवायचे, हे गेम बनवणारा ठरवत असे. पुढे २००५ साली याच मालिकेच्या चौथ्या भागात कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला आणि २०१७ साली सातव्या भागात थेट पात्राच्या डोळ्यांत शिरला. तो सातवा भाग प्लेस्टेशन या गेम खेळायच्या यंत्राच्या हेडसेटमध्ये पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत खेळता येत होता, आणि मोठ्या कंपनीचा एवढ्या लांबीचा भयखेळ संपूर्णपणे व्हीआरमध्ये उतरणे ही त्या वेळी ठळक घटना होती.

चौकट निघून गेल्यावर

हेडसेटची रचना सांगायला सोपी आहे. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे भिंगांतून दाखवली जातात, त्यामुळे दृश्याचा खोलपणा जाणवतो. डोके कुठे आहे आणि कोणत्या दिशेला वळले आहे, याची नोंद यंत्र सतत घेत राहते आणि त्याप्रमाणे चित्र बदलते. अवघड आहे ते हे सगळे वेळेत करणे. सेकंदाला नव्वद चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा जेमतेम अकरा हजारांशांएवढा वेळ हाती असतो आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचे चित्र काढून व्हावे लागते. मान वळवल्यापासून दृश्य बदलेपर्यंत सुमारे वीस हजारांशांहून अधिक उशीर झाला, तर मेंदूला फट दिसू लागते. उशीर झाला नाही, तर मेंदू समोरच्या गोष्टीला चित्र समजणे सोडून देतो आणि जागा समजू लागतो.

टीव्हीच्या पडद्याभोवती चौकट असते, चौकटीभोवती ओळखीची भिंत असते, आणि भीती वाढली की नजर नकळत त्या भिंतीवर जाऊन टेकते. हा आसरा इतका सवयीचा आहे की तो नाहीसा होईपर्यंत त्याची जाणीवही होत नाही. हेडसेटमध्ये नजर कुठेही नेली तरी ती त्याच जागेत पडते. शिवाय पडद्यावर वस्तूंना आकार असतो, पण माप नसते. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ या २०२१ सालच्या गेममधली लेडी दिमित्रेस्कू टोप आणि उंच टाचा धरून सुमारे २.९ मीटर उंच आहे, असे तिला घडवणाऱ्यांनीच सांगितले होते. टीव्हीवर ती फार तर हातभर दिसते आणि तिच्या उंचीची लोक थट्टा करतात. २०२३ साली तोच गेम हेडसेटमध्ये आला, तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागू लागली आणि दारातून येताना ती वाकते याचा अर्थ कळला. लहानपणी मोठ्या माणसांकडे पाहताना जी मान वर होत असे, तीच ही मान आहे, आणि तिच्याबरोबर तेव्हाचे दुबळेपणही परत येते.

मान हा यातला सगळ्यांत महत्त्वाचा अवयव आहे, असे माझे मत आहे. चित्रपटात मागे कोण आहे ते दिग्दर्शक दाखवतो. साध्या गेममध्ये आपण हातातल्या कंट्रोलरवरची छोटी काडी अंगठ्याने ढकलतो आणि पात्र वळते. व्हीआरमध्ये मागून आवाज आला, तर स्वतःची मान स्वतः वळवावी लागते. न वळवणे हाही एक निर्णय ठरतो आणि तोही आपल्यालाच निभावून न्यावा लागतो. १९९६ साली कॅमेऱ्याने जे लपवले होते, ते आता आपण स्वतःच्या भित्रेपणाने स्वतःपासून लपवतो.

मनाला पटते, शरीराला पटत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मेल स्लेटर या संशोधकाने २००९ साली व्हीआरच्या अनुभवाचे दोन भाग वेगळे करून दाखवले. पहिला स्थळाचा भास, म्हणजे ‘मी तिथे आहे’ ही जाणीव. दुसरा घटनेचा भास, म्हणजे ‘हे खरोखर घडते आहे आणि माझ्याशी घडते आहे’ ही जाणीव. पहिला भास मानेच्या हालचालीबरोबर चित्र बदलल्याने तयार होतो, तर दुसरा समोरचे जग आपली दखल घेते तेव्हा होतो. आपण खोलीत शिरलो आणि कोपऱ्यातल्या आकृतीने डोळे वर करून आपल्याच डोळ्यांत पाहिले, की दुसरा भास जागा होतो. दोन्ही भासांसाठी विश्वास ठेवण्याची गरज नसते, हे स्लेटर यांचे म्हणणे सर्वांत मोलाचे आहे.

त्यांनीच सहकाऱ्यांसह २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संगणकाने रेखाटलेल्या एका स्त्रीची शब्दांची चाचणी घ्यायची आणि तिचे उत्तर चुकले की बटण दाबून तिला विजेचा ‘धक्का’ द्यायचा, असे सहभागी लोकांना सांगण्यात आले. ही बाई अस्तित्वात नाही, कोणालाही धक्का बसत नाही, हे सगळ्यांना स्पष्ट ठाऊक होते. तरीही ज्यांना ती दिसत होती आणि तिचे विव्हळणे ऐकू येत होते, त्यांच्या शरीरात ताणाच्या खुणा उमटल्या आणि काहींनी शेवटपर्यंत न जाता मध्येच थांबणे पसंत केले. ज्यांचा तिच्याशी केवळ लिखित मजकुरातून संबंध आला, त्यांच्यावर एवढा परिणाम झाला नाही.

याहून जुना आणि मला अधिक आवडणारा प्रयोग अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातला आहे. हेडसेटमध्ये एक खोली दिसते, आणि तिच्या जमिनीत मधोमध खोल खड्डा असतो. त्याच्या काठावर उभे राहिलेल्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. मग संशोधकांनी प्रत्यक्ष खोलीत दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली. हेडसेटमध्ये खड्ड्याचा काठ जिथे दिसत होता, तिथेच फळीची कडा येत होती. पायाच्या बोटांना ती कडा लागली आणि भास अधिकच घट्ट झाला. खरी होती ती दीड इंचाची उंची. उरलेला खोलपणा शरीराने स्वतःहून गृहीत धरला.

घराच्या दाराशी राखण करणाऱ्या कुत्र्याची कल्पना केली तर हे सोपे होईल. मालकाने पाहुण्याला स्वतः बोलावलेले असते, तो निरुपद्रवी आहे हेही त्याला ठाऊक असते. पण कुत्र्याने निमंत्रणपत्रिका वाचलेली नसते. अनोळखी पावले वाजली की तो भुंकणारच. आपल्या मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा अशीच पत्रिका न वाचता भुंकते. काहीतरी झपाट्याने जवळ येते आहे, पायाखाली जमीन नाही, अंधारात श्वास ऐकू येतो आहे, एवढ्या खुणा तिला पुरतात. मागाहून विचार येतो आणि ‘गप्प बस, गेम आहे’ असे म्हणतो, पण तोवर छाती धडधडू लागलेली असते. विचार खोटा ठरत नाही, त्याला यायला उशीर झालेला असतो.

‘एवढे घाबरायला तो शेवटी खेळच ना?’

हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्याला उत्तर वैद्यकाकडून मिळते. उंचीच्या भीतीने त्रस्त असलेल्या लोकांना आभासी उंचीवर नेऊन त्यांची भीती कमी करता येते, हे १९९५ सालीच एका अभ्यासातून दिसले होते, आणि त्यानंतर ही उपचारपद्धती इतर भयांसाठीही वापरली गेली. हेडसेटमधली भीती नुसती लुटुपुटूची असती, तर ती कमी करून खऱ्या भीतीवर काहीच परिणाम व्हायला नको होता. प्रसंग खोटा आणि भीती खरी, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

हातांना काम लागते तेव्हा

व्हीआर आणि सर्व्हायव्हल हॉरर यांचे जुळण्याचे कारण मात्र केवळ डोळ्यांत सापडणार नाही. साध्या गेममध्ये बंदूक भरायला एक बटण पुरते. हेडसेटबरोबर दोन्ही हातांत धरायचे कंट्रोलर मिळतात, आणि हातांच्या हालचाली गेममधले हात तशाच्या तशा करतात. मग बंदूक भरायची म्हणजे रिकामे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) खाली पाडायचे, कमरेवरून किंवा पाठीवरून नवे काढायचे, ते खाचेत बसवायचे आणि वरचा खटका मागे ओढायचा. शांतपणे केले तर दोन-तीन सेकंदांचे काम आहे. समोरून कोणी येत असेल, तर तेच मॅगझिन हातातून निसटते, खाचेच्या बाजूला आपटते, आणि ते बसले तरी खटका ओढायचे राहून जाते. कुलूप उघडायची घाई झाली की किल्ली कशी नेमकी उलटी लागते, त्याचीच ही जात आहे. टंचाई आधी गोळ्यांची होती, आता ती स्वतःच्या बोटांच्या स्थैर्याचीही झाली, आणि त्यासाठी गेमने वेगळे काहीही रचलेले नसते. हाताचा कंप हा खेळाडूने घरून आणलेला असतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र गोळ्यांविना आहे. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ हा वाल्व्ह कंपनीचा २०२० सालचा गेम काटेकोरपणे सर्व्हायव्हल हॉरर म्हणता येणार नाही, पण त्यात जेफ नावाच्या प्राण्याचे एक प्रकरण आहे. जेफ आंधळा आहे आणि आवाजाच्या रोखाने धावून येतो. गोळ्यांनी त्याचे काही होत नाही. त्याच्या आसपासच्या हवेतल्या बीजाणूंनी नायिकेला खोकला येतो आणि तो थांबवायचा तर खेळाडूला खरोखरच आपला हात तोंडाशी नेऊन धरावा लागतो. म्हणजे दार उघडायला, वाटेतली बाटली पडण्याआधी झेलायला एकच हात उरतो. पहिल्या खोलीत मी तोंडावर हात धरला तो गेमने सांगितले म्हणून. तिसऱ्या खोलीत मी माझा स्वतःचा श्वासही रोखून धरला होता, जो गेमला ऐकू येण्याची सोयच नव्हती. ‘फास्मोफोबिया’सारखे काही गेम मायक्रोफोनमधून खेळाडूचे शब्दही ऐकतात, आणि तिथे तर ही सावधगिरी वाजवीच ठरते.

कान मिटता येत नाहीत

आवाजाबद्दल थोडक्यात. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला डाव्या कानाच्या किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. हेडसेटला डोके कुठे वळले आहे ते ठाऊक असल्यामुळे तो दोन्ही कानांना हा फरक अचूक पुरवू शकतो, आणि मान वळवली तरी वरच्या मजल्यावरची करकर वरच्या मजल्यावरच राहते. भीती अनावर झाल्यावर डोळे मिटून घेणारे पुष्कळ असतात. त्यांना लवकरच कळते की डोळे मिटल्यावर ती करकर अधिक स्पष्ट ऐकू येते. ‘स्विचबॅक व्हीआर’ या २०२३ सालच्या गेमने तर डोळे मिटण्याचाही फायदा उठवला: हेडसेटमधला डोळ्यांचा मागोवा घेणारा भाग पापणी लवल्याचे ओळखतो, आणि काही प्रसंगांत पापणी लवली की समोरचे पुतळे पुढे सरकतात.

‘अचानक दचकवणे म्हणजेच हॉरर ना?’

शांततेनंतर एकदम काहीतरी अंगावर झेपावते, याला जम्प स्केअर म्हणतात. व्हीआरमध्ये तो बनवणे फार सोपे आहे आणि म्हणूनच मला तो आळशीपणाचा वाटतो. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर काहीही आणून उभे केले, तर कोणीही दचकेल. त्यात कसब नाही, आणि तेच तेच केले की खेळाडू भिण्याऐवजी चिडतो. चांगले कारागीर व्हीआरमध्ये हात आवरता घेतात. जवळिकीनेच इतके ओझे टाकलेले असते की अर्धवट उघडे दार, पलीकडचा काळोख आणि दाराची मूठ धरलेला आपलाच हात एवढे साहित्य पुरते. दार कितपत उघडायचे, फटीतून आधी डोकावायचे की एकदम ढकलायचे, हे ठरवण्यात खेळाडू जो अर्धा मिनिट घालवतो, तो अर्धा मिनिट म्हणजे या प्रकाराचे सार आहे.

मळमळ: भीतीशी संबंध नसलेला त्रास

काही लोक पाच मिनिटांत हेडसेट काढतात, पण घाबरून नव्हे, तर पोटात ढवळून आल्यामुळे. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे अवयव असतात, आणि शरीर हलते आहे की नाही ते मेंदूला सांगतात. चालत्या गाडीत पुस्तक वाचताना हे अवयव म्हणतात की आपण हलतो आहोत, तर पानावर खिळलेले डोळे म्हणतात की आपण स्थिर आहोत. हेडसेटमध्ये भांडण तेच असते, फक्त बाजू बदललेल्या असतात: डोळ्यांना वाटते आपण बोळातून धावत आहोत, कान म्हणतात आपण जागेवर उभे आहोत. हा विसंवाद मळमळीला कारणीभूत ठरतो, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

उपाय म्हणून गेममध्ये सोयी दिलेल्या असतात. धावण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर क्षणात पोहोचणे, गोल फिरण्याऐवजी ठरावीक अंशांच्या टप्प्यांत वळणे, चालताना दृश्याच्या कडा काळ्या करून मधलाच भाग उघडा ठेवणे, अशा या सोयी आहेत. यात एक गंमत आहे. क्षणात दुसरीकडे पोहोचता आले तर पाठलागाचे भय उरत नाही, म्हणजे पोटाला जे मानवते ते भयाला मारक ठरते. उलट कडा काळ्या केल्या की मळमळ कमी होते आणि बाजूला काय आहे ते दिसेनासे झाल्याने भीती वाढते. नवशिक्याने सुरुवातीला या सगळ्या सोयी चालू ठेवाव्यात आणि मळमळ जाणवताच थांबावे. नेट लावून खेळत राहिल्याने ती जात नाही, वाढते.

‘पण घाबरण्यात मजा कसली?’

डेन्मार्कमध्ये केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पैसे देऊन ज्यात शिरायचे असते अशा एका भुताटकीच्या घरातल्या ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे लावली होती. सर्वाधिक आनंद ना सर्वांत कमी घाबरलेल्यांना झाला, ना सर्वांत जास्त घाबरलेल्यांना. तो मधल्या पट्ट्यात सापडला. मीठ कमी पडले तर अळणी, जास्त पडले तर खारट, असाच हा प्रकार आहे. टीव्हीवर ज्याचे मीठ बरोबर पडते, त्याला तोच गेम हेडसेटमध्ये खारट लागू शकतो, आणि यात त्याच्या धैर्याचा प्रश्न नाही. त्याच्यापुढचा पदार्थच बदललेला असतो. सवयीने भीती कमी होते हे खरे, पण ती बहुधा त्या त्या प्रसंगापुरती होते: एका बोळातून दहा वेळा गेले की तो बोळ निर्जीव होतो, पुढचा बोळ मात्र पुन्हा कोरा असतो.

काहींनी या वाटेला जाऊच नये. झगमगत्या प्रकाशाने ज्यांना झटके येतात, ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांच्या मनावर एखाद्या आघाताचा ताजा व्रण आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. मुलांच्या बाबतीत दोन वेगळ्या मर्यादांची गल्लत होते. प्लेस्टेशनचा हेडसेट १२ वर्षांखालील मुलांसाठी नाही, ही यंत्राची मर्यादा झाली. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या सातव्या भागाला युरोपात १८ वर्षांची अट आहे, ही मजकुराची. यंत्र चालण्याजोगे वय झाले म्हणून मजकूर चालत नाही.

राहिला प्रश्न भिंतीवर आदळण्याचा. हेडसेटमध्ये खेळण्याच्या जागेची हद्द आखून घेता येते आणि तिच्याजवळ गेले की डोळ्यांपुढे जाळी उमटते, पण घाबरून मागे उडी घेणाऱ्याला ती जाळी उशिरा दिसते. म्हणून भयखेळ बसून खेळावा, निदान पहिले काही दिवस. आजच्या अनेक हेडसेटमध्ये बाहेरची खरी खोली क्षणात दाखवण्याचीही सोय असते. कुठे त्यासाठी बटण असते, कुठे हेडसेटच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक करावी लागते. ती सोय आपल्या हेडसेटमध्ये नेमकी कुठे आहे, हे उजेडात, गेम सुरू करण्याआधी, चार-पाच वेळा हाताने चाचपून ठेवावे, कारण जेफ दोन पावलांवर असताना एक हात तोंडावर असतो आणि दुसऱ्याला काहीही सापडत नाही.